घंटेवर जोडलेले हात

श्रावणात दुपारी बारापर्यंत मी मौन पाळते. ह्यांच्या आयुष्यासाठी धरलेलं व्रत. बावीस वर्षांत मोडलं नव्हतं.

त्या सकाळी उघडीप होती. गास गावातल्या आमच्या घरावर इंटरनेटचा अँटेना चढवायचं चाललं होतं. आजूबाजूला इमारती झाल्यापासून घरात रेंज येत नाही, आणि अकराला संपदाची, आमच्या लेकीची, व्हिडिओवर मुलाखत. शेजारचे क्लेमेंटभाऊ वायरमन. त्यांनी गच्चीच्या मधोमध खूण केली होती.

"अँटेनाचा पाइप वीस फुटी हाय. पडला तरी विजेच्या तारेला लागता नये."

"पडेल कशाला? प्यायलाय का तो?" हे म्हणाले.

पाइपाच्या शेंड्याला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक टाकीच्या खांबाला बांधायला क्लेमेंटभाऊ पाठमोरे वळले. तेवढ्यात ह्यांनी उभा पाइप कठड्याशी नेला. तिथून मोबाइलचा टॉवर दिसतो.

मी अंगणात तुळशीपाशी पूजेला बसले होते. वर पाहिलं तर पाइपाचा शेंडा कठड्याबाहेरच्या विजेच्या तारेकडे कललेला, आणि ह्यांची नजर टॉवरवर. तोंड उघडलं, पण व्रत आडवं आलं. हाताला घंटा लागली. व्रतही राहील आणि हे खालीही बघतील, असं वाटलं. जीव तोडून वाजवली.

ह्यांनी खाली पाहिलं नाही. रोजच्यासारखे डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले.

पाइप सुटला.

"गंगाराम!"

ह्यांचं नाव मी कधी उच्चारलं नव्हतं. क्लेमेंटभाऊ वळले आणि अंग मागे टाकून दोरीला लोंबकळले. तारेपासून हातभर अलीकडे पाइप थांबला.

"हात नको लावू त्याला. मागं सर," ते ह्यांना म्हणाले, आणि दोरीनेच पाइप आत ओढला.

मग पाइप मधोमध उभा राहिला. वायर घरात घेताना क्लेमेंटभाऊंनी भोकाबाहेर तिला खाली झोळ दिला. "पानी हितून टपकंल वयनी, आत नाय येनार."

मुलाखतीची वेळ टळून गेली होती. संपदा जिन्यात वडिलांना टेकून बसली.

"नाव कुणी घेतलं माझं?"

"मी."

"त्या आवाजाने मला वाटलं, पोलीस आले."

संध्याकाळी आरतीला घंटा उचलली. हे समोरच पाटावर बसले होते, तरी वाजवायला हात होईना. टाळ्यांवरच आरती केली.