दिवा दिसेल ते घर

आमच्या आळीत सात घरं, पण संध्याकाळी चहा उकळतो तो दोनच घरांत. एक आमचं, दुसरं गंगारामचं. बाकीच्या पाच घरांच्या चाव्या माझ्याकडे. क्लॉडिया वसईला, ॲल्स्टन दुबईला, जॅनेट म्हापशाला, उरलेले दोघे असेच कुठेतरी. तीस वर्षं शाळेत मुलांची हजेरी घेतली, निवृत्त झाल्यावर बंद घरांची घेते.

आळी चर्चच्या कोपऱ्यावरून खाडीकडे उतरते. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधून रिक्षासुद्धा अंग चोरून जाते. आमचं घर सगळ्यात खाली. रोज दिवेलागणीला मी चढण चढायची, एकेक कुलूप उघडायचं, ओटीवरचा दिवा लावायचा. सकाळी पुन्हा विझवायला. "काळोख दिसलो की लोकांका वाटता घर विकूक काढलां," असं क्लॉडियाचं म्हणणं. म्हणणं तिचं, गुडघे माझे. मी धापा टाकत परतले की माझा नवरा सेबॅस्टियन चिडवायचा, "इली गो म्युनिसिपालिटी!"

त्या गुरुवारी पाचवं घर उरकून मी परतले तेव्हा तो ओटीवरच्या खुर्चीत वाकडा झाला होता. शर्ट घामाने चिंब. "डोरथी, माका बरां वाटना नाय," एवढंच बोलला. गंगाराम लेकीकडे कट्टा गावी गेलेला. आमच्याकडे खाली रेंज फक्त आतल्या खिडकीत येते, तिथून ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ड्रायव्हर परगावचा. त्याला म्हटलं, "चर्चच्या कोपऱ्यावर गाडी ठेवा आणि चालत खाली या. दिवा दिसेल ते घर." इकडे पत्ता असाच सांगायची रीत. घरांना नंबर आहेत, पण ते घरपट्टीच्या पावतीवर. फोन खिडकीतच टाकून मी बाहेर धावले.

आमच्या ओटीवरचा दिवा लावायचा राहून गेला.

ॲम्ब्युलन्स वेळेवर आली, उगाच कुणाला बोल लावणार नाही. वर भोंगा थांबला. मग दार ठोठावल्याचा आवाज आला, क्लॉडियाच्या घराकडून. मग त्याच्या खालच्या घराकडून. मी ओरडत होते, पण चढावर आवाज पोचेना. आत फोन वाजत होता. सेबॅस्टियनने माझं मनगट घट्ट धरलं होतं. ते सोडवून मी उठायला हवं होतं, पण माझ्याच्याने उठवेना. पाचही दारं ठोठावून तो माणूस खाली पोचला तेव्हा घामाघूम झाला होता आणि संतापलाही होता.

"बाई, सगळीकडे दिवे, आणि माणूस एकही नाही!"

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर. पुढचं मी ऐकलं नाही. रागवायचं तरी कुणावर? दिवे मीच लावले होते.

सकाळी क्लॉडियाचा फोन आला. बातमी अजून वसईला पोचली नव्हती.

"डोरथीबाय, काल सांजच्या आमच्या दारार कोण ठोकी होतो गो? दारात कॅमेरो लायलो आसा, मोबायलार दिसलो. हातात पेटी होती. चोर म्हणान मी भियालंय. त्या कॅमेऱ्यातसून बोलूक पण येता, पण गप रवलंय."

"चोर नव्हतो तो," मी म्हटलं. "सेबॅस्टियनाक न्हेवक इल्लो. खालच्या घरात जा, इतक्याच सांगूचा होता गो तुया."