चहाखान्याच्या दाराचं लाकूड

मुलांनो, जरा माझ्यासोबत कल्पना करा. उझबेकिस्तानातल्या मार्गिलान गावातलं एक अंगण आहे. तुतीच्या झाडाखाली जुन्या लाकडांचा ढीग पडलाय. कोपऱ्यावरचा चहाखाना पाडला, त्याची ही लाकडं. ढिगाशेजारी एक म्हातारा सुतार हातातल्या करवतीवर डाफरतोय. तो म्हातारा मीच.

आमच्या गल्लीतल्या होसियत आपांची मुलगी मुनिसा हिचं शुक्रवारी लग्न होतं. सासरी नव्या घरात पहिली भाकर जिच्यावर ठेवायची, ती बैठी मेज मला बनवायची होती. सोमवारी ढिगातलं एक आडवं जाड लाकूड चिरायला घेतलं, तर चार हात मारेपर्यंत करवतीचे तीन दात गेले. लाकडात खिळेच खिळे! त्यांना लोक कंदील टांगायचे, दृष्ट लागू नये म्हणून धुरीच्या झुडपाच्या जुड्या बांधायचे. मी ते बाजूला फेकलं आणि त्याच्यावरच बसून चहा प्यायलो.

मग तेवढ्याच लांबीचं दुसरं लाकूड सापडलं. करागाच नावाच्या टणक झाडाचं, खिळा एकही नाही, आणि वरून असं चकचकीत, जणू शंभर वर्षं कुणी हाताने घासलंय. मी हरखलो. उभं चिरून तीन फळ्या काढल्या. चकचकीत फळी मध्ये घेतली.

पण ती फळी काही वठणीवर येईना. मध्ये खोलगट. रंधा मारून टोकं खाली आणली, तरी वाटी ठेवली की डुगडुगायची. मंगळवारी सरस धरला नाही. सगळं सोडवून पुन्हा जोडलं.

"बोबो," माझी नात अनोरा म्हणाली. दहा वर्षांची, पण प्रश्न वकिलासारखे. "ही मधेच का खचलीय? टोकांना का नाही?"

"लाकूड आहे, वाकतं."

"आणि दोन्ही टोकांना हे गोल खळगे कसले?"

"गाठी गळून पडल्या असतील. तुला दुसरं काम नाही? जा, भुसा झाड!"

तिने भुसा झाडला. मी त्या खळग्यांत जर्दाळूच्या लाकडाच्या चकत्या इतक्या बेमालूम बसवल्या की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

बुधवारी सकाळी होसियत आपा आल्या. सोबत फडक्यात गुंडाळलेली गरम भाकर. मेजेवर हात फिरवत म्हणाल्या, "उस्ता, तुमचे हात अजून म्हातारे झाले नाहीत हो!" त्यांनी भाकर मेजेवर ठेवली, आणि त्यांचं बोट एका चकतीवर थांबलं. मग मधल्या खोलगट भागावरून फिरलं.

"हे लाकूड कुठलं?"

"चहाखान्याचं."

"चहाखान्याचं, ते कळलं. कुठलं?" त्यांनी भाकर झटकन उचलली, ओठांना लावली, कपाळाला लावली. "माझे वडील त्या चहाखान्यात भट्टी सांभाळायचे. दाराच्या खुंट्या ज्यात फिरायच्या, ते हे खळगे. हा उंबरठा आहे, उस्ता! अख्ख्या मार्गिलानने चिखलाचे पाय पुसलेत याच्यावर, आणि तुम्ही माझ्या हातून याच्यावर भाकर ठेववलीत?"

मला तोंड वर करता येईना. माझ्या दारांना आयुष्यभर लोखंडी बिजागऱ्या, खुंटीवर फिरणारं दार मी कधी केलंच नव्हतं. त्या चकाकीला मी भुललो. आणि पोरीने दोनदा विचारलं, तर तिला भुसा झाडायला लावलं.

"परवा माझी मुनिसा मेजेशिवाय सासरी जाणार," एवढंच म्हणून आपा निघून गेल्या.

मी रंधा भिंतीवर आपटला. "संपलं! दोन दिवसांत कुठून आणू लाकूड? आणि हे जुनं लाकूड? आग लावा त्याला!"

अनोरा कुठेच गेली नाही. ती मी बसायचो त्या खिळेभरल्या लाकडाभोवती फिरत होती. वीत टाकून तिने मेज मोजली, मग ते लाकूड मोजलं. मग त्याची टोकं चाचपली.

"बोबो, यालापण दोन खळगे आहेत. म्हणजे हे दाराच्या वरचं, हो ना?"

"हो. मग?"

"तिथलं दार बुटकं होतं. तुम्ही आत जाताना मान वाकवायचात."

"सगळेच वाकवायचे."

"मग याच्यावर कुणाचा पाय पडला नाही."

मी त्या लाकडावरची धूळ हाताने पुसली. मग चिडूनच म्हणालो, "खिळे मोजलेस का? चाळीस तरी असतील! करवत खाल्ली त्याने माझी!"

 अनोराने माझा चहाचा रिकामा पेला त्या लाकडावरून उचलून खाली ठेवला, दोन्ही हातांनी मोठी पकड धरली, पाय रोवले, आणि पहिला खिळा उपटून पेल्यात टाकला.