मिस लोरेटांसमोर मी मिटलेलाच राहिलो

मित्रांनो, माझ्या पाठीवर एकेकाळी सोनेरी अक्षरं होती. आता त्यांचे नुसते चरे उरले आहेत, त्यामुळे माझी ओळख मलाच करून द्यावी लागते. मी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा एक जुना खंड आहे. माझं वय दोनशे वर्षांच्या पुढे गेलं आहे. सध्या माझा मुक्काम कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा गावी, एका निवृत्त शिक्षिकेच्या जेवणाच्या टेबलावर असतो. तिथे मी कसा पोचलो ते ऐका. ते सांगताना मला थोडी लाज वाटेल.

माझ्या जन्माच्या वेळी निकाल आजच्यासारखे त्याच दिवशी साऱ्यांना वाचायला मिळत नसत. न्यायाधीश निकाल वाचून दाखवत, कधी तर तोंडीच सांगत. समोर बसलेला एक गृहस्थ ते टिपून घेई, न्यायाधीशांकडे खेटे घालून त्यांचे कागद मिळवी, वकिलांची लांबलचक भाषणं आटोपशीर लिही आणि स्वतःच्या हिमतीवर पुस्तक छापून विकी. त्याला रिपोर्टर म्हणत. आजच्या बातमीदाराशी त्याचा काही संबंध नाही. कागद गहाळ होत, छपाई रखडे, वकील कंटाळून जात. मीही असाच रखडत जन्मलो. चिंध्यांच्या लगद्याचा जाड कागद, शिशाच्या खिळ्यांनी उठवलेली अक्षरं आणि वासराच्या कातड्याची बांधणी, असं माझं रूप होतं.

तरुणपणी माझी फार चैन होती. वकील मला खोगिराला बांधलेल्या पिशवीतून गावोगावच्या कोर्टांत नेत. मला उघडलं की भांडणं मिटत. न्यायाधीश मान डोलावत. या मानाने मी फुगून जायचो.

पण माझ्या पोटात मिमा नावाच्या एका गुलाम स्त्रीचा खटला होता. ती आणि तिची लेक कोर्टात आल्या होत्या. आमची पूर्वज स्वतंत्र बाई होती, म्हणून आम्हीही स्वतंत्र आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. पूर्वज केव्हाच वारली होती. लोकांनी वडीलधाऱ्यांकडून जे ऐकलं होतं, तेच त्यांनी साक्षीत सांगितलं. न्यायालयाने ठरवलं की ऐकीव गोष्ट हा पुरावा नव्हे. मायलेकी हरल्या. पुढे आणखी कुणी आजी-पणजीच्या आठवणींच्या आधारे सुटका मागू लागलं, की मालकाचा वकील मला उघडायचा आणि त्या ओळीवर बोट ठेवायचा. इतकी बोटं तिथे टेकली की तिथला कागद काळवंडला. पान उलटल्यावर एका न्यायाधीशाचं विरुद्ध मत छापलेलं होतं. तो मायलेकींच्या बाजूने बोलला होता. तिथला कागद मात्र पांढराच राहिला.

मी फक्त कागद आहे, मी काय करणार, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. समाधान होत नाही.

मग नव्या आवृत्त्या निघाल्या आणि माझी गरज सरली. काही वर्षं एका वकिलाच्या काचेच्या कपाटात मी शोभेला उभा होतो. नंतर एका कॉलेजच्या तळघरात गेलो. तिथे वरचा पाइप गळला. मला ओल लागली आणि माझी काही पानं एकमेकांना चिकटली. ती नेमकी त्या वेगळ्या मताचीच होती. शेवटी कॉलेजने जुने खंड काढून टाकले आणि मी सांता क्लारामधल्या एका छोट्या कंपनीत आलो. जुन्या निकालांविषयी कुणी काही विचारलं तर उत्तर देणारा प्रोग्रॅम ती कंपनी बनवत होती.

तिथे मला लहू मेश्राम भेटला. नागपूरचा हुशार इंजिनीयर. यंत्र माझं एकेक पान उलटून फोटो घेई आणि लहू संगणकावर ते तपासून पुढे पाठवी. चिकटलेली पानं आली तेव्हा यंत्राने ती एकच समजून उलटली. लहूच्या पडद्यावर पिवळी खूण उमटली: पृष्ठक्रमांक जुळत नाहीत. त्या आठवड्यात प्रोग्रॅम मोठ्या लोकांना दाखवायचा होता. लहूने खूण पाहिली, जांभई दिली आणि ‘ठीक आहे’ असं दाबून ती बंद केली. आतली पानं प्रोग्रॅममध्ये गेलीच नाहीत. मी त्याच्या हाताशीच होतो.

काम झाल्यावर आम्हा खंडांना रद्दीत टाकायचं ठरलं. लहूला माझी दया आली. त्याने मला घरी आणलं.

त्याच्या शेजारी मिस लोरेटा राहायच्या. कृष्णवर्णीय, ताठ कण्याच्या, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या. लहूची बायको भावना त्यांना पोहे नेऊन द्यायची आणि त्या अंगणातली लिंबं पाठवायच्या. मला बघून त्या हरखल्या.

“मिमाचा खटला यात असणार!” त्या म्हणाल्या. “माझ्या आजीची आजी स्वतंत्र जन्मली होती असं आमच्या घरात सांगतात. तिला फसवून विकलं. कागद काही नाही. तोंडोतोंडी आलेलं तेवढंच.”

“आमच्याकडेही तेच,” लहू म्हणाला. “माझ्या पणजोबांचं नाव कुठल्याच दप्तरात नाही. गावकुसाबाहेरच्यांची नावं कोण लिहिणार? आजी सांगायची तेवढंच.”

त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. मिस लोरेटा गावच्या लायब्ररीत मिमावर भाषण देणार होत्या. लहूने मोठ्या हौसेने त्यांना कंपनीचा प्रोग्रॅम वापरायला दिला. त्यांनी प्रोग्रॅमला विचारलं, “मिमाच्या बाजूने एक तरी न्यायाधीश होता का?” प्रोग्रॅमने बिनदिक्कत उत्तर दिलं, “नाही. निकाल एकमताने झाला.”

भाषणाच्या दिवशी लहूने मला मखमली कापडावर त्यांच्यासमोर ठेवलं. हॉल भरला होता. त्यांचे जुने विद्यार्थी आता स्वतःची मुलं घेऊन आले होते. मिस लोरेटा फार सुंदर बोलल्या. “त्या खोलीत त्या आईच्या बाजूने बोलणारं एकही माणूस नव्हतं,” त्या शेवटी म्हणाल्या.

मागच्या रांगेतले एक वयस्कर वकील हळूच उभे राहिले. “माफ करा, मॅडम. एक न्यायाधीश होते. त्यांचं वेगळं मत छापलेलं आहे.” त्यांनी फोनवरून दोन ओळी वाचून दाखवल्या.

मिस लोरेटांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. “मी... मी बहुतेक प्रोग्रॅमचं उत्तर नीट वाचलं नाही,” त्या म्हणाल्या. “वय झालं माझं.” कुणीतरी टाळ्या वाजवल्या, तेव्हा तर त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, ते मत माझ्या पोटात, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. आणि मी मिटलेलाच राहिलो.

दुसऱ्या दिवशी लहूने मला पुढ्यात घेतलं. वाफ देऊन, पातळ सुरीने त्याने ती पानं सोडवली. वेगळं मत बाहेर आलं. त्याला ती पिवळी खूण आठवली. मग त्याने मला कपाटात स्वेटरांखाली ठेवून दिलं.

तिथून मला घरातलं बोलणं ऐकू यायचं. एका संध्याकाळी भावना म्हणाली, “लोरेटा आँटींनी पुढची दोन्ही भाषणं कॅन्सल केली. मेमरी टेस्टसाठी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीये. त्यांच्या बहिणीचंही असंच सुरू झालं होतं म्हणे. यार, किती घाबरल्यात त्या!”

लहू भांडी आवरू लागल्याचा आवाज आला.

“तू गप्प का?”

मग त्याने सगळं सांगितलं. भावनाचा आवाज चढला. “आणि तू इथे बसून राहिलास?”

“कंपनीत विचारतील ना, वॉर्निंग कुणी बंद केली म्हणून. व्हिसाचं काम अजून अडकलेलं आहे. मी योग्य वेळ बघून...”

“योग्य वेळ? अरे, आजीच्या शब्दाला कुणी विचारलं नाही म्हणून तुझा जीव जळतो ना? मग ह्या बाईंचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडालाय, तो कुणामुळे? ऊठ.”

तरीही तो त्या दिवशी उठला नाही. आणखी काही दिवस गेले. अखेर एका सकाळी त्याने स्वेटर बाजूला सारले, मला छातीशी धरलं आणि शेजारची बेल वाजवली.

मिस लोरेटांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते मत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. लहू उभाच होता. त्याने पिवळ्या खुणेचं सांगितलं, काही न लपवता.

“हे तुला कधी कळलं?” त्यांनी विचारलं.

“भाषणाच्या दुसऱ्या दिवशी.”

त्यांनी मला हळूच मिटलं. “काल मी डॉक्टरसमोर बसून घड्याळाचं चित्र काढलं, लहू. काटे बरोबर जागी येतात का, ते बघायला. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं मी, आणि प्रत्येक आकडा दोनदा मोजत होते. तुझी चूक झाली ते मी समजू शकते. पण मी म्हातारी झाले, असं तू मला इतके दिवस वाटू दिलंस.”

“सॉरी, मिस लोरेटा.”

“घरी जा. पुस्तक राहू दे.”

लहू गेला. त्याच दिवशी त्याने कंपनीतही सगळं सांगून टाकलं. त्याला बोलणी खावी लागली. त्याने बंद केलेली प्रत्येक खूण त्यालाच पुन्हा तपासायला लावली. तशा खुणा बऱ्याच निघाल्या. नोकरी राहिली, पण प्रोग्रॅम त्याच्या हातून काढून घेतला. घरी येऊन तो भावनाला म्हणाला, “हे सोपं होतं. मिस लोरेटांना सांगणं कठीण होतं.” हे भावनाच नंतर मिस लोरेटांना सांगत होती, तेव्हा मला ऐकू आलं.

मिस लोरेटा बरेच दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. मग एकदा कुंपणापाशी उभ्या राहून त्यांनी हाक मारली. “शनिवारी, लायब्ररीत. तेच लोक बोलावलेत मी. बोलणार तू. मी ऐकणार.”

लहूला चारचौघांत बोलायची सवय नव्हती. त्या शनिवारी तो घामाघूम झाला होता. तरी त्याने साऱ्यांसमोर सांगितलं, “चूक मिस लोरेटांची नव्हती, माझी होती, आणि कळल्यावरही मी गप्प राहिलो.” मग त्याने मला उघडलं आणि ती पांढरी पानं वाचली. स्वातंत्र्याचा हक्क मालमत्तेच्या हक्काहून मोठा आहे, असं तो न्यायाधीश म्हणाला होता. जमिनीच्या हद्दी ठरवताना ऐकीव आठवणी चालत असतील, तर माणसाच्या सुटकेसाठी त्या का चालू नयेत? इतक्या वर्षांत ती पानं माझ्यासमोर कुणी मोठ्याने वाचल्याचं मला आठवत नाही. वाचून झालं तेव्हा मागच्या रांगेतले ते वकील उठले, मिस लोरेटांपाशी गेले आणि त्यांचा हात हातात घेऊन उभे राहिले.

परतताना मी मिस लोरेटांच्या मांडीवर होतो. लहू गाडी चालवत होता.

“डॉक्टर म्हणाले, माझी स्मरणशक्ती ठणठणीत आहे,” त्या एकदम म्हणाल्या.

“हो, मिस लोरेटा.”

“माझा राग अजून गेलेला नाही.”

“हो.”

एक सिग्नल गेला. “भावनाने जेवायला काय केलंय?”

“मसालेभात.”

“मग तिला फोन कर. सांग, मी येतेय.”

मित्रांनो, मिमाला आणि तिच्या लेकीला मी काही देऊ शकलो नाही, आणि ते आता भरून निघणारही नाही. माझी तुम्हाला एक विनवणी आहे. जुन्या पुस्तकांना ओल लागू देऊ नका, त्यांची पानं घाईने उलटू नका. आणि तुमच्या हातून झालेली चूक दुसरं कुणी आपली समजून बसलं असेल, तर योग्य वेळेची वाट बघू नका. त्याच्या दारात जाऊन उभे राहा. तुम्ही वेळ शोधत असता, तेवढा काळ ते माणूस स्वतःलाच दोष देत असतं.