चार चाकांची सवत

धामणगाव बढ्यात अंबूबाईची सवत दारातच उभी असायची, चार चाकांवर. हिंमतराव त्या जुन्या गाडीला दर शनिवारी लिंबू-मिरची बांधायचे. बायकोची दृष्ट मात्र त्यांनी कधी काढली नव्हती. आता गाडीचे दिवे मिणमिणायला लागले, तर या माणसाला घास गोड लागेना!

मिस्तरीनं बल्ब बदलले, तरी तेच. मग तो बंपरखाली वाकला. लिंबाची तार अर्थिंगच्या बोल्टाला बांधलेली होती आणि रसानं बोल्ट पार गंजला होता. तो घासताच दिवे लखलखले.

“आता लिंबू नका बांधू,” मिस्तरी म्हणाला.

“अन् गाडीले नजर लागली तं?” हिंमतराव कळवळले.

“लागीनच! माहीच लागीन,” अंबूबाई फणकारली. “थे लिंबू आता माह्या गळ्यात बांधा!”