फक्त तिला येणारा वास

वासंतीबाईंना तो वास पहिल्यांदा आला तेव्हा त्या बेडरूममध्ये उशांचे अभ्रे बदलत होत्या. सडलेल्या अंड्यांसारखा, नाकात बसणारा वास. त्यांनी गादी उचलून पाहिली, कपाटामागे बॅटरी मारली, खिडकीच्या जाळीत कबुतर मरून पडलंय का तेही पाहिलं. कुठेच काही नव्हतं. दुपारी पुन्हा त्या खोलीत गेल्या तर वास पार नाहीसा झाला होता.

"तुम्हाला मघाशी कसला वास आला का हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मला कुठला वास कळतोय," श्यामराव पेपर वाचता वाचता म्हणाले.

ते खरंच होतं. करोनाच्या तापात श्यामरावांचं नाक जे बंद झालं ते झालंच. भाजी करपली तरी त्यांना पत्ता लागत नसे. भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्यावर दोघं मोशीच्या या छोट्या इमारतीत राहायला आले होते. खाली पार्किंग, वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर एकच फ्लॅट. मधला यांचा. खालचा बंद असायचा. वरच्या फ्लॅटमध्ये दिवाळीनंतर नेहा नावाची मुलगी, नवरा आणि सासू-सासऱ्यांसह भाड्याने आली होती.

वास पुन्हा आला. मग येतच राहिला. कधी सकाळी, कधी भर दुपारी. वासंतीबाईंनी फ्रिज रिकामा करून पुसला, सिंकखालचं कपाट धुतलं. बेडरूमला लागून असलेला संडास ॲसिड टाकून घासला आणि भरपूर पाणी ओतलं. तेव्हा वास गेला. दुसऱ्या दिवशी परत हजर.

घासताना त्यांना एवढं दिसलं होतं की कमोडमधलं पाणी नेहमीपेक्षा बरंच खाली गेलंय. श्यामरावांनी फ्लशच्या टाकीचं झाकण काढून आतला स्क्रू फिरवला, टाकी काठोकाठ भरेल असं केलं. "झालं," ते म्हणाले. संध्याकाळी पाणी पुन्हा तळाशी. "वॉशर आणायला हवा," म्हणून त्यांनी तो विषय सोडून दिला.

वासंतीबाईंच्या मनात पाण्याचा विषय नव्हताच. त्यांच्या मनात शकूताई होती.

शकूताई त्यांची थोरली बहीण, राजगुरुनगरला असायची. एका उन्हाळ्यात ती म्हणायला लागली की घरात काहीतरी जळतंय. रोज म्हणायची. मुलांनी वायरिंग तपासलं, गॅसची नळी बदलली. मग सगळे हसायला लागले, तीही हसायची. पुढे तिला सुनेचं नाव आठवेना, आणि तेव्हा कुठे डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूत गाठ निघाली. शेवटचे महिने वासंतीबाईच तिच्या उशाशी होत्या. डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं होतं, नसलेला वास येणं ही अशा आजाराची सुरुवात असू शकते.

एकदा गॅस सिलिंडर घेऊन माणूस आला तेव्हा त्यांनी धीर करून विचारलं, "दादा, तुम्हाला कसला वास येतोय का?"

तो बाहेरच्या दारातच उभा होता. त्याने मास्क खाली केला, दोन-तीनदा श्वास ओढला. "नाही काकू. लीक वगैरे काही नाही."

वासंतीबाईंनी दार लावलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बेडरूममध्ये गेल्या तर वास होताच.

त्या दिवसापासून त्यांनी कुणालाही विचारायचं बंद केलं. विचारलं आणि समोरचा नाही म्हणाला, तर? त्यांनी स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. सगळ्या चुलत भावांची नावं क्रमाने म्हणायची. काल काय भाजी होती ते आठवायचं. एकदा भाजीवाल्याकडे कोथिंबिरीला चुकून मेथी म्हणाल्या, तर घरी येईपर्यंत सगळ्या पालेभाज्यांची नावं घोकत आल्या. नाशिकच्या मुलीचा फोन आला की भरभर बोलून ठेवून द्यायच्या, आवाजातलं तिला कळू नये म्हणून. डोकंही आता दुखायला लागलं होतं. शकूताईचंही दुखायचं.

थंडी आणि रस्त्यावरची धूळ म्हणून बेडरूमची खिडकी बंदच असे. श्यामराव हल्ली दुपारी जास्त झोपत. उठले की कपाळ दाबत बसत. वासंतीबाईंना वाटायचं, वय झालं.

एका सकाळी श्यामराव आतल्या संडासात गेले. वासंतीबाई ओट्यापाशी कणीक मळत होत्या. काहीतरी जड आपटल्याचा आवाज आला.

"अहो?"



त्या तशाच कणकेच्या हातांनी धावल्या. दाराला आतून कडी होती. त्यांनी दार बडवलं. "अहो, ऐकताय का? कडी काढा." आतून फक्त कमोडमध्ये पाणी गुडगुडल्यासारखा आवाज आला आणि मग शांत.  वास इतका होता की डोळे चुरचुरत होते, पण त्यांनी मनाशी म्हटलं, हे खरं नाही, याच्याकडे लक्ष द्यायचं नाही, आत्ता ते महत्त्वाचे.

त्या जिन्याने वर गेल्या. नेहाने दार उघडलं. "काका आत पडलेत," एवढंच त्या बोलू शकल्या.

नेहाचा नवरा चाकणच्या कंपनीत नाइट करून नुकताच झोपला होता. तो उठून तसाच खाली आला आणि खांद्याच्या दोन धक्क्यांत त्याने कडी उखडली. श्यामराव भिंतीला पाठ टेकून खाली बसले होते. चेहरा पांढरा, पण डोळे उघडे होते. "चक्कर आली," ते पुटपुटले. त्याने त्यांना काखेत धरून बाहेरच्या खोलीत आणलं.

मागून आलेली नेहा बेडरूमच्या दारातच थांबली. तिने ओढणी नाकाला लावली.

"ई, काकू, किती घाण वास येतोय इथे. तुम्ही झोपता कशा?"

वासंतीबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. "तुला येतोय?"

"म्हणजे काय? उलटी होईल असा येतोय."

"नक्की? अंड्यांसारखा?"

"हो काकू. गटाराचा आहे हा."

वासंतीबाई पलंगावर बसल्या आणि पीठ लागलेले हात तोंडावर ठेवून रडायला लागल्या. नेहाला वाटलं काकांसाठी रडतायत. ती पाठीवरून हात फिरवत राहिली, खिडकी उघडली, आणि संडासात डोकावून म्हणाली, "पाणी बघा कुठे गेलंय. पलीकडचं भोक दिसतंय."

तिने बादलीभर पाणी कमोडमध्ये ओतलं. पंखा लावला. थोड्या वेळात खोलीतली हवा बदलली.

डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी श्यामरावांना आधी मोकळ्या हवेत बसवायला सांगितलं आणि गटारातली हवा घरात कशामुळे येते ते शोधा, हे बजावून सांगितलं. बाल्कनीत खुर्चीत बसून श्यामरावांनी वासंतीबाईंकडून सगळं ऐकलं, वास कधी यायचा, कधी जायचा. 

"कमोडमधलं पाणी हेच झाकण असतं गं," ते म्हणाले. "ते असलं की खालची हवा वर येत नाही. टाकी भरून उपयोग नाही, साठलेलं पाणीच कुणीतरी ओढून नेतंय. नेहा, तुम्ही वर फ्लश करा बरं. वासंती, तू आत बघ."

नेहा वर गेली. वासंतीबाईंना त्या दारातून आत जाववत नव्हतं. त्या उंबऱ्यापाशीच मोबाइल कानाला लावून उभ्या राहिल्या.

"करते हं, काकू."

वरून भिंतीतल्या पाइपमधून पाणी धडधडत खाली गेलं. कमोडमधलं पाणी आधी हललं, मग आतल्या बाजूला सरकलं. एक मोठा घोट गिळल्यासारखा आवाज झाला आणि पातळी त्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेली. वासंतीबाई दोन पावलं मागे सरल्या. पाइप आहे हे माहीत असूनही कुणीतरी खाली तोंड लावून पितंय असंच त्यांना वाटलं.

"गेलं," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"म्हणजे पाइपला वरून हवा मिळत नाही. मग तो मिळेल तिथून खेचतो," श्यामराव म्हणाले. "गच्चीवर बघायला पाहिजे."

गच्चीची किल्ली शेजारच्याच घरात राहणाऱ्या नानासाहेबांकडे असे. ही जमीन मुळात त्यांच्या घरची. इमारत झाल्यावर सोसायटीचं सगळं तेच बघत. नेहाचा नवरा त्यांना घेऊन वर गेला, मागोमाग वासंतीबाई गेल्या. पाण्याच्या टाकीच्या कडेला, संडासाचा पाइप हवेसाठी गच्चीतून वर काढलेला होता, त्याच्या तोंडावर प्लास्टिकचं पोतं गुंडाळून तारेने आवळून बांधलं होतं.

"हे कुणी केलं?" नेहाच्या नवऱ्याने विचारलं.

"म्याच," नानासाहेब म्हणाले. "दिवाळीच्या टायमाला आमच्या घरच्या बाया वर कपडे वाळत घालायला यायच्या, म्हणायच्या लई घाण येती. म्हणलं बांधून टाकू. काय झालं?"

"काका पडले त्यानं. ती घाण त्यांच्या घरात जात होती."

नानासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी वासंतीबाईंकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "मला ठावं न्हवतं वहिनी," ते म्हणाले, आणि खाली बसून स्वतःच तार सोडायला लागले. ती गंजून घट्ट बसली होती. बोटाला लागून रक्त आलं, तरी त्यांनी पक्कड येईपर्यंत वाट पाहिली नाही.

पोतं निघाल्यावर नेहाने पुन्हा फ्लश केलं. या वेळी श्यामराव स्वतः दाराशी उभे होते. कमोडमधलं पाणी थरथरलं आणि जागच्या जागी राहिलं. तिने परत केलं. राहिलं. दोन दिवसांनी नानासाहेबांनी माणूस बोलावून तो पाइप डोक्यावर जाईल इतका उंच करून घेतला, म्हणजे कपडे वाळत घालणाऱ्यांनाही त्रास नको.

वासंतीबाईंनी शकूताईचं सगळं श्यामरावांना सांगितलं ते पोतं निघालं त्या संध्याकाळी, चहा घेताना.  "मला वाटलं, आता माझी पाळी. तुमचं कोण करणार, हेच डोक्यात होतं."

श्यामरावांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला महिनाभर चक्कर येत होती."

"काय?"

"आत गेलो की यायची. मला वाटलं हार्टचं काहीतरी. तू घाबरशील म्हणून बोललो नाही. आतून कडी लावताना रोज विचार यायचा, लावू का नको."

 एवढे दिवस दोघं एका टेबलावर जेवत होते.

पुढच्या आठवड्यात दोघं दवाखान्यात जाऊन सगळ्या तपासण्या करून आले. रिपोर्टची वाट बघताना वासंतीबाईंनी नवऱ्याच्या शर्टाची बाही मुठीत धरून ठेवली होती, आजूबाजूला माणसं असूनही. श्यामरावांना रक्तदाबाची एक गोळी लागली. वासंतीबाईंच्या डोक्यात काही नव्हतं. डॉक्टरांनी ते दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यांना ऐकूच आलं नाही.

परत येताना रिक्षात त्यांनी ठरवलं की यापुढे काही दुखलं-खुपलं तर लगेच एकमेकांना सांगायचं. वासंतीबाई सांगतात. श्यामरावांकडून मात्र अजूनही दोनदा विचारून काढून घ्यावं लागतं.