भिंतीवरची संध्याकाळ

मित्रांनो, मी दिव्यांची एक जुनी पट्टी आहे. कपाटाचा खालचा कप्पा ओढलात, बिनझाकणाचे डबे बाजूला सारलेत, की गुंडाळलेली सापडेन. दमले आहे, म्हणून हळू बोलते. जरा जवळ या.

कारखान्यात माझ्या लवचीक फितीवर ओळीने दिवे बसवले. प्रत्येकाच्या पोटात मोहरीएवढी अक्कल घातली आणि एकच शिकवण दिली. वायरीतून रंगांचा निरोप येईल. पहिल्याने त्यातला आपल्यापुरता रंग ठेवून घ्यायचा आणि उरलेला निरोप दुसऱ्याला द्यायचा. दुसऱ्याने तिसऱ्याला. आपला वाटा घ्यावा, उरलेलं पुढे द्यावं. देवाने तरी माणसांना याहून वेगळं काय सांगितलं आहे? पण आम्ही ऐकतो, एवढाच फरक.

मला विकत आणलं ते दवाखान्यात रक्त तपासणाऱ्या एका मुलीने. तिचे बाबा नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांनी रंगवलेली संध्याकाळ उघडली की प्रेक्षक म्हणे स्वेटर चढवायचे. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, आणि हातामागोमाग बोलणंही. डॉक्टर म्हणाले, "जीभ ठीक आहे, मन उठत नाही." बाबा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मुलगी म्हणाली, "भिंतीकडेच बघायचंय ना? मग त्या भिंतीवर मी संध्याकाळ आणते."

घरात आत्या होती. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. "रोषणाई कसली करतेस? दुकान काढायचंय का बाबांच्या खोलीत?"

मुलीने मला भिंतीवर आडवी चिकटवली, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिला आणि बटण दाबलं. मी ढिम्म. माझ्या अंगावर बाण छापलेले आहेत, निरोप त्याच दिशेने जातो. तिने वायर शेपटीकडून जोडली होती.

"घ्या!" आत्या म्हणाली. "पट्टीसुद्धा घरच्या वळणावर गेली. बोलतच नाही."

मुलीचे डोळे भरले, पण तिने वायर काढून डोक्याकडे जोडली. आम्ही सगळे एकदम पेटलो. आता आमच्या जातीच्या दिव्यांची एक खोड ऐका. आम्ही आधी हिरवा मोजून घेतो, मग लाल. तिने लिहिला होता आधी लाल, मग हिरवा. तिने पाठवलं केशरी, म्हणजे लाल जास्त, हिरवा कमी; आकडे उलटले आणि आमच्या पदरात पडलं पोपटी. अख्खी भिंत पोपटी झाली.

आणि अंथरुणातून जड, अडखळता आवाज आला.

"अगं... सूर्य मावळतोय... की पोपट?"

आत्याच्या हातातला चमचा खाली पडला. कोणी उचलला नाही.

"बाबा, मग कसा हवा?" मुलीने विचारलं. 

"लाल... आण. अजून. घाई नको. मावळतीला... घाई नसते."

तेव्हापासून ती कामावरून आली की बाबा रंग सांगायचे आणि ती आकडे बदलायची. त्यांचा हात मी झाले, मित्रांनो. आत्याही खुर्ची ओढून बसायची. "जांभळा थोडा जास्त झालाय हो, दादा," म्हणायची. शेजारपाजारचे येऊन वाखाणून जायचे.

माझ्यातही एक उणीव होती. वीज शेपटीपर्यंत पोचता पोचता थकायची आणि तिकडचे दिवे तांबूस, मंद व्हायचे. मुलगी तिकडे दुसरी वायर जोडायला निघाली, तर बाबा म्हणाले, "राहू दे. क्षितिजाकडे... असंच होतं. दमल्यालाही... रंग असतो."

ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

मग एका संध्याकाळी माझा पहिला दिवा गेला. एकटा तोच गेला, पण निरोप त्याच्यापाशीच अडला. मागचे आम्ही सगळे जिवंत असून काळोखात. मुलगी दवाखान्यातून थकून यायची. "रविवारी बघते हं, बाबा," म्हणायची. रविवार आले, गेले. आत्याने मला सोडवून गुंडाळलं. "संपली बिचारी. नवी आणू," म्हणाली. नवी काही आली नाही. बाबांचे शब्द रोज थोडे कमी होत गेले.

काल कप्प्याच्या फटीतून त्यांचा आवाज आला. "अगं... आज संध्याकाळ... झाली नाही का?"

 मी उत्तर देणार होते, पण उजेड हीच आमची वाचा.

मित्रांनो, एक दिवा विझला म्हणून अख्खी ओळ मेली असं समजू नका. अंधार कुठून सुरू झाला, तेवढं वाकून बघा. माणसांच्या ओळीतही बघा. आणि ती मुलगी भेटली तर तिला सांगा, माझ्या अंगावर कापायच्या खुणा आहेत. पहिल्या खुणेवर कात्री चालव, वितळलेल्या कथलाचा डाख देऊन वायर दुसऱ्या दिव्याला जोड. नव्या पट्टीची गरज नाही. रविवारचीही नाही.

दुसऱ्यापासून शेवटच्यापर्यंत आम्ही सगळे जागेच आहोत.