कुठून आणि किती

पाच वाजायला वीस मिनिटं असताना तिने आपला प्रस्ताव पुन्हा उघडला. चूक होती तिथेच होती. तिनेच घातली होती, मुद्दाम.

काम तसं साधं. त्यांच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या तयार फंक्शनांना आकडे नुसते ओळीने द्यावे लागत. कुठला कशाचा, हे आठवता आठवता लोकांच्या डोक्याचा भुगा व्हायचा. आता प्रत्येक आकडा नावानिशी देता येणार होता. मजकुरातून तुकडा कापणाऱ्या फंक्शनला आधी कुठून कापायचं ते सांगायचं, मग किती. तिने ‘कुठून’ आणि ‘किती’ ही दोन नावं उलटी लावली होती. सात दिवसांत हरकत आली नाही, तर प्रस्ताव मंजूर. आणि एकदा दिलेलं नाव मग बदलता येत नाही. हजारो लोक ते आपापल्या प्रोग्राममध्ये लिहून बसलेले असतात.

आज सातवा दिवस, पाचला मुदत संपणार. चार जणांनी ‘छान’ म्हटलं होतं. मेल्यांनो, वाचा तरी!

शेजारच्या टेबलावरच्या टीम लीडला तिने विचारलंच.

“वाचलंस का रे माझं?”

“मॅडम, तुमचं काय वाचायचं? डोळे मिटून मंजूर!”

तो हसला, म्हणून तीही हसली.

पूर्वी खुसपटे सर होते. हे नाव ऑफिसने ठेवलेलं. बारा वर्षं त्यांनी तिची एक ओळ सुखासुखी जाऊ दिली नव्हती. कापायचं ते फंक्शनही मुळात त्यांचंच. ते निवृत्त झाल्यापासून तिच्याशी कुणी भांडलं नव्हतं. घरी तर भांडायलाही कुणी नव्हतं.

तिने त्यांना फोन लावला आणि सगळं होतं तसं, चुकीसकट वाचून दाखवलं. आता बरसणार, म्हणून तिने फोन कानापासून जरा लांब धरला.

“छान झालंय गं.”

“सर, नीट ऐकलंत ना?”

“ऐकलं की. तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार.” मग त्यांनीच विचारलं, “ते कापायचं फंक्शन कुणी लिहिलंय? डोकेबाज दिसतो.”

तिने स्क्रीनवर त्या फंक्शनखालचं त्यांचंच नाव पाहिलं.

“होते एक,” ती म्हणाली. “फार भांडायचे माझ्याशी.”

“असं माणूस लागतं गं. आहेत का अजून तिथे?”

पाचला दोन मिनिटं कमी होती.

“आहेत,” ती म्हणाली, आणि हरकतीचा रकाना उघडला.